मागून चौथी, वजा दोन लॅप

ताई,

तुमचं सदर आमच्या घरी आई वाचते. मी कधी वाचलं नाही, खोटं कशाला बोलू. पण या वेळी विचारायला दुसरं कुणी नाही.

मी २२ वर्षांची, कोरेगाव तालुक्यातली. बी.एस्सी. झालंय, शिकवण्या घेते. दोन वर्षांपासून माउंटन बाइक चालवते. सायकल ७८ हजारांची. ४० हजार मामाने दिले, बाकीचे हप्ते मी भरते. कोच नाही. यूट्यूब बघून आणि मागच्या डोंगरावर पडून पडून शिकले.

दोन महिन्यांपूर्वी राज्य पातळीवरच्या स्पर्धेला गेले होते. आमच्या गटाला चार लॅप. १७ जणी होतो, मी शेवटच्या रांगेत. सुटल्या सुटल्या जीव तोडून मारली आणि पहिल्याच चढावर पाच जणींना मागे टाकलं. पहिला लॅप २१ मिनिटांत झाला. दुसऱ्याला पाय असे जड झाले की चढावर उतरून ढकलावी लागली. दगडांच्या पट्ट्यात दोनदा पडले, चाक नुसतं उड्या मारत होतं. पंक्चर होऊ नये म्हणून आदल्या दिवशी दुकानातून हवा टाईट भरून घेतली होती, तरी. दुसरा लॅप २९ मिनिटं. तो संपता संपता पंचांनी हात आडवा केला आणि बाजूला व्हायला सांगितलं. पहिल्या आलेल्या मुलीचा पहिला लॅप १६ मिनिटांचा होता. मी थांबले नव्हते ताई, मला थांबवलं.

निकालात १४वी, नावापुढे ‘-२ लॅप’. मामाने नेमका तेवढाच व्हिडिओ काढला, पंच मला बाहेर काढतात तो, आणि घरच्या ग्रुपवर टाकला. ‘हरकत नाही, पुढच्या वेळी पहिली येणार आमची वाघीण.’ ३२ जणांनी अंगठे दिले.

तेव्हापासून सायकल गोठ्याशेजारच्या खोलीत आहे, हात लावलेला नाही. आई म्हणते, बँकेच्या परीक्षा दे, सायकल विक, मामाचे पैसे परत कर. मी रोज मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघते. बघताना अंगावर काटा येतो, मोबाइल बाजूला ठेवला की पुन्हा तेच. हे मोटिव्हेशन टिकवायचं कसं? की मी खेळाडू नाहीच, हे मान्य करून टाकू?

– थांबवलेली

*

मुली,

‘मी थांबले नव्हते, मला थांबवलं’ हे वाक्य तू लाज वाटून लिहिलंयस. मला ते तुझ्या पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य वाटलं. ते का, हे कळायला निकालाचा कागद वाचता यावा लागतो, आणि तुमच्या घरात तो कुणाला वाचता आलेला दिसत नाही. मामांना तर नाहीच.

क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे तुझ्यासारख्या डोंगरातल्या लॅपच्या शर्यतीच्या, निकालात खालच्या अंगाला दोन प्रकारची नावं असतात. काहींपुढे डीएनएफ लिहितात, म्हणजे शर्यत अर्धवट सोडली. पडले, चेन तुटली, पोटात कळ आली, किंवा नुसतंच मन उडालं. त्यांना क्रमांक नसतो. दुसऱ्या नावांपुढे -१ लॅप, -२ लॅप असं असतं आणि त्यांना क्रमांक मिळतो. हे लोक ऐंशी टक्क्यांच्या नियमात सापडलेले. सगळ्यांत पुढे असलेल्या खेळाडूला पहिल्या लॅपला जेवढा वेळ लागला, त्याच्या ऐंशी टक्के वेळाने तुम्ही मागे पडलात की पंच बाहेर काढतात. कारण साधं आहे. वाट एका सायकलीपुरती असते. पुढची मंडळी अख्खी फेरी मारून मागून तुमच्या चाकाला येऊन चिकटली तर त्यांचाही खोळंबा आणि तुम्हालाही धोका. म्हणून रस्ता मोकळा करतात. ऑलिंपिकच्या याद्या काढून बघ, तळाशी अशी वजा लॅपवाली नावं सापडतील. आपापल्या देशात या लोकांचे सत्कार झालेले असतात.

तर तुला क्रमांक आहे, १४वा, आणि तू शर्यत सोडलेली नाहीस. एवढं कागदावर आहे. बाकी जे काही आहे ते मामांच्या मोबाइलमध्ये.

आता तू रागाच्या भरात का होईना, आकडे लिहून पाठवलेस, त्याबद्दल शाबासकी. सल्ला मागणारी निम्मी माणसं भावना पाठवतात आणि आकडे लपवतात. मी पेन्सिल घेऊन बसले.

१६ मिनिटांचे ऐंशी टक्के म्हणजे १२ मिनिटं ४८ सेकंद. पहिल्या आलेल्या मुलीने दुसरा लॅप साडेसोळा मिनिटांत मारला असं धरू. तिचे दोन लॅप साडेबत्तीस मिनिटांत झाले. तुझे २१ आणि २९ मिळून ५०. तू साडेसतरा मिनिटं मागे, मर्यादा पावणेतेराची. गेलीस बाहेर.

आता दुसरा हिशोब. समज, तू पहिला लॅप दीड मिनिट सावकाश मारला असतास, साडेबावीस मिनिटांत. आणि पायात शिल्लक राहिल्यामुळे दुसराही साडेबावीसच. बेरीज ४५. साडेबारा मिनिटं मागे. म्हणजे अठरा सेकंदांनी का होईना, आत. तू तिसऱ्या लॅपला गेली असतीस. तिसऱ्याच्या शेवटी मात्र तुला काढलंच असतं, हे गोड करून सांगत नाही. अंतर तोवर अठरा मिनिटांच्या वर गेलं असतं. पण नावापुढे -१ आलं असतं, आणि ज्या दगडांच्या पट्ट्यात तू दोनदा पडलीस तो तिसऱ्यांदा पार करायची संधी मिळाली असती.

मोटिव्हेशन टिकवायचं कसं, असं विचारतेस. अगं, शर्यतीच्या दिवशी ते तुझ्याकडे भांडंभर जास्तच होतं! शेवटच्या रांगेतून सुटून पहिल्या चढावर पाच जणींना मागे टाकलंस, ते कशाच्या जोरावर? त्या पाच जागांची किंमत तू दुसऱ्या लॅपला आठ मिनिटांनी चुकवलीस. त्यात ढकलणं आलं, पडणं आलं आणि पडल्यावर पुन्हा चढून बसणंही आलं. मोटिव्हेशननेच तुला बुडवलं, आणि तू आता सात-आठ आठवडे मोबाइलमधून त्याचाच आणखी डोस घेते आहेस.

तुझ्या बाजूनेही एक बोलायला हवं. सुरुवातीला झपाटून सुटणं हा निव्वळ वेडेपणा नसतो. वाट अरुंद होण्याआधी पुढे घुसलं नाही तर मागच्यांना रांगेत अडकावं लागतं. विश्वचषकात तर पुढची रांग मिळावी म्हणून एक-दोन दिवस आधी शॉर्ट ट्रॅकची वेगळी शर्यत होते, वीसेक मिनिटांची, आणि तिच्यातून पुढच्या जागा ठरतात. म्हणजे पुढे जायची ओढ योग्यच होती. फक्त पाचांऐवजी दोघींवर भागलं असतं. कुठल्या दोघी, हे आदल्या दिवशी ठरवता येतं. तू ट्रॅक पायी चालून बघितलास का? पत्रात उल्लेख नाही, म्हणजे नसावास. मोठमोठे खेळाडू आदल्या दिवशी बुटांनी चालत जातात, एकेका दगडापाशी उभे राहून ‘इथून की तिथून’ असं तासभर घोळतात. बघणाऱ्याला वाटावं, काहीतरी हरवलंय.

टोकियो ऑलिंपिकला २०२१ मध्ये काय झालं माहीत आहे? मॅथ्यू व्हॅन डेर पोल, नेदरलँड्सचा, त्या काळी सायकलीच्या कुठल्याही प्रकारात हात घालील तिथे जिंकणारा. एका उंच दगडाखाली सरावाच्या वेळी लाकडी फळी लावलेली होती. शर्यतीच्या दिवशीही ती असणार असं धरून तो आला. फळी नव्हती. पहिल्याच लॅपला असा आपटला की पुढे शर्यतच सोडावी लागली. गडी जगातला एक नंबरचा, पण डोक्यातला रस्ता आणि चाकाखालचा रस्ता वेगळे निघाले. त्याला डीएनएफ मिळालं, तुला १४वा क्रमांक. (मामांना ग्रुपवर टाकायला ही माहिती चालेल.)

आता हवा.

हा शब्द तुझ्या पत्रात जाता जाता आलाय आणि माझ्या मते सगळी गोम तिथे आहे. ‘पंक्चर होऊ नये म्हणून टाईट भरली.’ किती? पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाचा आकडा, लिहिलेला नाहीस, म्हणजे दुकानातल्या मुलाने अंगठ्याने दाबून बघितलं असणार. चाक उड्या मारत होतं म्हणतेस, त्यावरून चाळिशीच्या वर असावी. टाईट टायर दगडावर आपटला की चेंडूसारखा उसळतो. हँडल हातात असतं पण चाक जमिनीवर नसतं, मग ब्रेक कुणाला लावणार आणि वळवणार काय? थोडा सैल टायर दगडाला मिठी मारतो, त्याचा आकार घेतो, पकड देतो. तुझ्यासारख्या हलक्या अंगाच्या मुलीला, ट्यूब असलेल्या टायरला, तीसच्या आसपास ठेवून बघ. मग दर खेपेला एकेक कमी करत जा. फारच खाली गेलीस तर रिम दगडावर आपटून ट्यूबला भोकं पडतील, तेव्हा कळेल कुठे थांबायचं. ट्यूबलेस करून घेतलंस तर पंचविशीच्याही खाली जाता येतं, पण तो खर्च आत्ता नको.

पंक्चरच्या धाकाने हवा टाईट भरलीस आणि पंक्चर न होता दोनदा पडलीस. घरातही सध्या हवा टाईट आहे असं दिसतंय. असो, तिकडे येते.

पंक्चरचं निघालंच आहे तर पॅरिसचं सांगते. २९ जुलै २०२४, एलांकूरची टेकडी. इंग्लंडचा टॉम पिडकॉक, आधीच्या ऑलिंपिकचा विजेता, पुढे होता आणि टायर गेला. क्रॉस-कंट्रीत मदत हवी तिथे मिळत नाही. चाक बदलून घ्यायचं तर ते टेक्निकल झोनमध्येच, म्हणजे दुरुस्तीसाठी आखून दिलेल्या जागेतच, तिथपर्यंत बसक्या टायरवर स्वतःच रखडत जायचं. तो गेला, चाक बदललं, तोवर नवव्या क्रमांकावर घसरला होता आणि पुढचे अर्ध्या मिनिटाहून जास्त पुढे गेले होते. शेवटच्या लॅपला त्याने फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीला एका झाडाच्या दुसऱ्या बाजूने गाठलं आणि जिंकला. फ्रेंच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली ती वेगळीच.

तू बघतेस त्या व्हिडिओंत हे झाडच असणार. खाली ढोल, वर कुणीतरी घोगऱ्या आवाजात ‘नेव्हर गिव्ह अप’. त्यात मधला भाग कुणी दाखवत नाही, कारण तो बघायला कंटाळवाणा आहे. चाक बदलून निघाल्यावर तो पिसाळल्यासारखा सुटला नाही. एक-दोन लॅपमध्ये सगळं भरून काढायच्या नादाला न लागता उरलेल्या लॅपमध्ये पाच सेकंद इथे, सात सेकंद तिथे असं वसूल करत गेला. नवव्या जागेवरून सोनं आलं ते वसुलीतून. तू नेमकं उलट केलंस, सगळी वसुली पहिल्या चढावर.

आणि ते व्हिडिओ काही दिवस बंद कर. वाईट आहेत म्हणून नव्हे. रोज अंगावर काटा येऊन तो उतरला की माणसाला वाटतं, दोष आपल्यातच. काट्याचा स्वभावच उतरण्याचा.

आता तुझा दुसरा प्रश्न, मी खेळाडू नाहीच हे मान्य करू का. इथे तुला दोन बायकांची ओळख करून देते.

येनी रिसवेड्स, स्वीडनची. २०१६ मध्ये रिओला सुवर्ण जिंकली तेव्हा ती २२ वर्षांची होती, तुझ्याच वयाची. मग वर्षभरातच ती नैराश्यात गेली आणि शर्यती थांबवल्या. ऑलिंपिक विजेती, जगभर नाव, प्रायोजक दाराशी, आणि ती म्हणाली, नाही जमत. परत आली ती सावकाश. २०१९ मध्ये स्वित्झर्लंडच्या लेन्झरहाइडला विश्वचषकाची शर्यत जिंकली. स्वतःचा संघ काढला, त्याचं नाव ‘टीम ३१’ ठेवलं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात ३१वं कलम आहे, मुलांना विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क आहे असं सांगणारं, त्यावरून. पॅरिसला ती कांस्य घेऊन गेली आणि २०२५ मध्ये जगज्जेती झाली. थांबली नसती तर काय झालं असतं हे कुणी सांगू शकणार नाही. पण थांबली म्हणून संपली नाही, एवढं दिसतंय. तेव्हा तुझ्या सात-आठ आठवड्यांचा मला अजिबात धसका वाटत नाही. सायकल गोठ्याशेजारी आहे ना, पावसात तर नाही?

दुसरी पोलिन फेराँ-प्रेव्हो, फ्रान्सची. २०१५ मध्ये रस्ता, सायक्लोक्रॉस (चिखल-गवतातली शर्यत) आणि माउंटन बाइक असे तीन जागतिक किताब एकाच वेळी तिच्याकडे होते. तेविशीत! पुढच्याच वर्षी रिओत तिला शर्यत पूर्ण करता आली नाही. पुढे डॉक्टरांना सापडलं की पायाला रक्त पुरवणाऱ्या धमनीतच बिघाड आहे. २०१९ मध्ये शस्त्रक्रिया झाली. टोकियोला १०वी. पॅरिसला सुवर्ण, दुसरीला जवळजवळ तीन मिनिटं मागे टाकून. मला तिच्या गोष्टीतली ती धमनी महत्त्वाची वाटते. पाय चालेना की आधी सगळे मनाकडे बोट दाखवतात, जिद्द कमी पडली म्हणतात. तिच्या बाबतीत नळातच अडथळा होता. तुझ्या बाबतीत टायरमध्ये हवा जास्त होती आणि पहिला लॅप दीड मिनिट घाईचा होता. यावर ‘मी खेळाडू नाही’ हा निष्कर्ष काढणं म्हणजे दूध नासलं म्हणून म्हैस विकण्यासारखं.

तरीही, खेळाडू म्हणजे नेमकं काय व्हायचंय तुला, हे तू लिहिलेलं नाहीस. दोन वर्षं, कोच नाही, शिकवण्या सांभाळून, पहिली राज्य स्पर्धा, आणि विजेतीपेक्षा लॅपला पाच मिनिटं मागे. हे अंतर मोठं आहे. एका वर्षात संपणारं नाही. मामा म्हणतात ‘पुढच्या वेळी पहिली’, तर नाही, पुढच्या वेळी तू पहिली येणार नाहीस. स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर या खेळातला सगळ्यात यशस्वी माणूस. बीजिंगला कांस्य, लंडनला रौप्य (तेही एका सेकंदाने हुकलेलं सुवर्ण), मग रिओला सुवर्ण. मधल्या काळात तो जगज्जेता होता, तरी ऑलिंपिकच्या त्या एका पायरीला आठ वर्षं लागली. तेव्हा मामांना सांग, पुढच्या वेळचं आपलं ध्येय आहे तिसरा लॅप. एक लॅप जास्त. बारावी आलीस तर पेढे. वाघिणीला एवढं पुरे.

आता माझं एक लाजिरवाणं सांगते, कारण मला वाटतं तुझ्या घरच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे.

मी सायकलीवर बसले ३८व्या वर्षी. वयस्कांच्या गटात तीन शर्यती केल्या. दुसऱ्या शर्यतीत एक ड्रॉप होता, म्हणजे वाटेत एकदम खाली तुटलेली पायरी, कमरेएवढी. अशा जागी आयोजक बाजूने दुसरी वाट काढून ठेवतात, बी लाईन. लांब पडते, दहा-पंधरा सेकंद जास्त जातात, पण उडी मारावी लागत नाही. सरावात मी दोनदा बी लाईननेच गेले होते आणि शर्यतीतही तिथूनच जायचं ठरवलं होतं. पण शर्यतीच्या वेळी त्या ड्रॉपपाशी आमच्या सोसायटीतली चार माणसं उभी होती. मी बाजूने गेले तर त्यांना काय वाटेल, या एका विचारावर मी सरळ गेले. डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्या चौघांना ए लाईन आणि बी लाईन असा काही प्रकार असतो हेच माहीत नव्हतं. त्यांना वाटलं होतं, वाट तीच आहे. दवाखान्यात संत्री घेऊन आले बिचारे.

बँकेच्या परीक्षांचा विचार करताना मला ते आठवलं. तुझ्या पत्रात ती परीक्षा म्हणजे शरणागती असल्यासारखी आली आहे. आईने सुचवली, म्हणजे सायकल हरली. मला तसं दिसत नाही. ती बी लाईन आहे. लांबून जाते, पण त्याच ट्रॅकवर पुढे येऊन मिळते. आपल्याकडे या खेळात पैसा फार थोड्यांना मिळतो. आशियाई अजिंक्यपद २०२३ मध्ये केरळात पोनमुडीला झालं, म्हणजे खेळ इथवर आला आहे, पण तालुक्याच्या मुलीचं पोट भरेल इतका आलेला नाही. हप्ते तू शिकवण्यांतून भरतेस. नोकरी लागली तर हप्ता, टायर, स्पर्धेची फी, एसटीच्या टपावरून सायकल नेण्याची कटकट, सगळं हलकं होईल. फॉर्म भर. अभ्यास संध्याकाळी, सायकल पहाटे. पहाटेचा दीड तास तसाही कुणी तुझ्याकडे मागत नाही.

सायकल मात्र आत्ता विकू नकोस. भावनेपोटी सांगत नाहीये. दोन वर्षं डोंगरात घासलेली ७८ हजारांची माउंटन बाइक तालुक्याच्या ठिकाणी विकायला काढलीस तर चाळीस मिळाले तरी नशीब, आणि ते सगळे मामांना गेले तरी हप्ते तुझ्याच डोक्यावर राहतील. सायकल गेलेली आणि हप्ता चालू, याहून वाईट अवस्था नाही. त्याऐवजी मामांना महिन्याला हजार रुपये द्यायला लाग. ते नको म्हणतील. तरी दे. चाळीस महिने लागतील, लागू देत. आईचा खरा जीव सायकलीवर नाही, भावाच्या उपकारावर अडकलाय असा माझा अंदाज आहे. पहिला हजार गेला की घरातली हवा तीन-चार पीएसआयने उतरेल.

मामांवर रागावू नकोस. व्हिडिओ मूर्खपणाचा होता, पण तो माणूस ४० हजार देऊन वर उन्हात चार तास उभा राहिला होता. त्यांना फोन करून सांग, पुढच्या स्पर्धेला येताना व्हिडिओ काढू नका, घड्याळ लावा. दगडांच्या पट्ट्याच्या बाहेर उभे राहा आणि मी गेले की मिनिटं ओरडून सांगा. हौशी माणसाला काम दिलं की तो उपयोगी पडतो. शिवाय शर्यतीत तुला कुणीतरी वेळ सांगणारं हवंच आहे. तू पहिला लॅप साडेबावीसचा मारतेस की एकवीसचा, हे तुला सायकलीवर बसून कळणार नाही, अंगात वारं शिरलेलं असतं.

कोच नाही म्हणतेस. तुझ्या पुढे आलेल्या तेरा जणी आहेत. त्यातल्या आठवी-नववी आलेल्या एखादीला मेसेज कर. पहिलीला नको, तिला रोज पन्नास मेसेज येत असतील, आणि १६ मिनिटं कशी मारायची हे ऐकून तुला सध्या काही उपयोग नाही. तुला १९ मिनिटंवाली हवी. ‘त्या दगडांतून तू कुठल्या बाजूने गेलीस?’ एवढंच विचार. सायकलवाल्या बायका या प्रश्नाला दोन पानं उत्तर देतात, अनुभव आहे.

आणि या सगळ्याच्या आधी एक काम. येत्या रविवारी सायकल बाहेर काढ, पुसून घे, चेनला तेल दे आणि मागच्या डोंगरावर जा. घड्याळ नको, मोबाइल नको, ॲप तर नकोच. मनात येईल तिथे थांब. करवंदं लागली असतील तर खा. परत आल्यावर स्वतःला विचार, पुढच्या रविवारी पुन्हा जावंसं वाटतंय का. नाही वाटलं, सलग तीन रविवार नाही वाटलं, तर मग मला पुन्हा लिही. सायकल विकायचा विषय तेव्हा काढू, आणि मी तुला एका शब्दानेही अडवणार नाही. वाटलं, तर पुढच्या दोन स्पर्धांच्या तारखा भिंतीवर लाव. दोन्हींत तिसरा लॅप गाठायचा, एवढंच. नंतर शांतपणे बसून ठरव. पंचांनी हात आडवा केला त्या जागी उभं राहून ठरवू नकोस. तिथे धाप लागलेली असते.

आणि पंप स्वतःचा घे, काटा असलेला, हवा किती ते दाखवणारा. हजार-बाराशेला मिळतो. दुकानातल्या त्या पोराला यापुढे ‘टाईट भर’ म्हणू नकोस.

– तुझी ताई